कोर कुठल्या आकाशाची?



पुढचे पान उलटण्याआधी एक लहानसे काम करा. हाताशी कागद-पेन्सिल असेल तर घ्या आणि फारसा विचार न करता रात्रीचे एक चित्र काढा. एखादा डोंगर, एखादे झाड, एखादे घर आणि वर चंद्र. वयाचा संकोच नको; नातवंडे जवळ असतील तर त्यांनाही बसवा.

झाले? आता चंद्राकडे पाहा. बहुतेकांच्या कागदावर तो उभा असेल, कमानीसारखा, एक टोक वर आणि एक खाली. पुष्कळांनी त्याच्या पोकळीत एक चांदणीही काढली असेल. आता आपल्या आईच्या किंवा आजीच्या कपाळावरची चंद्रकोर आठवा. ती उभी नव्हती. ती वाटीसारखी आडवी होती, दोन्ही टोके वर. एकाच घरात दोन चंद्र: मुलांच्या वहीत उभा आणि आजीच्या कपाळावर आडवा. यांतला आपल्या आकाशातला कोणता?

रात्रीच्या आकाशाची चित्रे हा या व्याख्यानाचा विषय आहे. पण जगातल्या मोठ्या चित्रकारांकडे जाण्याआधी हा घरातला प्रश्न सोडवून घेऊ, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे.

चंद्राला स्वतःचा उजेड नाही. सूर्याचा प्रकाश त्याच्या ज्या अंगावर पडतो ते अंग उजळते. म्हणून कोरीची फुगीर बाजू नेहमी सूर्याकडे असते, मग सूर्य क्षितिजाखाली गेलेला का असेना. शुद्ध द्वितीयेच्या संध्याकाळी सूर्य नुकताच मावळलेला असतो आणि कोर पश्चिमेला थोडी वर असते. सूर्य तिच्या बरोबर खाली असेल तर फुगीर बाजू खाली येईल आणि टोके वर जातील. म्हणजे कोर आडवी दिसेल. सूर्य खाली पण एका बाजूला असेल तर कोर त्या बाजूला कलेल.

चंद्र सूर्याच्या बरोबर वर असणार की बाजूला, हे दोन गोष्टींवर ठरते: तुम्ही पृथ्वीच्या कोणत्या अक्षांशावर उभे आहात आणि महिना कोणता आहे. बेळगाव सोळा अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित अलीकडे आहे, निपाणी किंचित पलीकडे. या अक्षांशावर मार्च-एप्रिलमध्ये सूर्य-चंद्राचा मार्ग पश्चिम क्षितिजाला जवळजवळ काटकोनात भेटतो. म्हणून पाडव्यानंतरची कोर होडीसारखी आडवी दिसते. भाद्रपद-आश्विनात हाच मार्ग क्षितिजाशी पन्नास-पंचावन्न अंशांचा कोन करतो, त्यामुळे तेव्हाची कोर कललेली असते. भाऊबीजेला ज्या बहिणी चांदोमामाला ओवाळतात त्यांनी नीट पाहिले असेल, तर कोरीची टोके वर आणि थोडी डावीकडे झुकलेली त्यांना दिसली असतील.

लंडनचा अक्षांश साडेएकावन्न. तिथे शरद ऋतूत हा कोन पंधरा अंशांपर्यंत खाली येतो, म्हणून तिथली संध्याकाळची कोर जवळजवळ उभी राहते. वसंतातही ती तिरपीच असते. आपल्यासारखी सपाट निजलेली सहसा दिसत नाही. मुलांच्या चित्रांच्या पुस्तकांतला उभा चंद्र हा त्या उत्तरेकडच्या देशांचा चंद्र आहे. तो तिथे अगदी खरा आहे. छापील पुस्तकांबरोबर तो आपल्या वहीत आला आणि आपण त्याला आपला समजून बसलो. कपाळावरच्या कोरीला महादेवाच्या मस्तकावरच्या कोरीचे आणि घराण्याच्या रीतीचे नाते आहेच. पण तिचा आकार आपल्या आकाशाशी जुळतो, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. चित्रातल्या चंद्रालाही अक्षांश असतो.

आता घरातलेच दुसरे चित्र पाहू: चैत्रांगण. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर पाळण्यात बसते आणि वैशाख शुद्ध तृतीयेपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, माहेरी राहते. या महिन्यात अंगण सारवून रांगोळीने जे चित्र काढतात त्यात मखरातली गौर असते, तुळशीवृंदावन, शंख, चक्र, गदा, पद्म, गोपद्मे, कासव, नाग, हत्ती असतात आणि सूर्य-चंद्र असतात. या रांगोळीकडे आपण सणाची शोभा म्हणून पाहतो. पण तिचा काळ पाहा. ती सुरू होते तृतीयेला, म्हणजे अमावास्येनंतर चंद्र सहज नजरेला पडू लागतो तेव्हा, आणि संपते पुढच्या तृतीयेला, म्हणजे चंद्राचा एक पूर्ण फेरा संपवून तीच कोर पुन्हा पश्चिमेला आलेली असते तेव्हा. अंगणात बसून रोज सूर्य-चंद्र काढणाऱ्या बाईच्या डोक्यावर त्या महिन्याभरात चंद्र वाढतो, पुरा होतो, झिजतो, नाहीसा होतो आणि परत येतो. आणि हा तोच महिना आहे, ज्यात आपल्याकडे कोर सर्वांत आडवी दिसते.

आपल्या भागात हे चित्र एका भाषेचे नाही. चैत्रगौर कानडी घरांतही बसते. आपला पाडवा आणि शेजारची युगादी एकाच दिवशी येते, कारण दोघांचे महिने अमावास्येला संपतात आणि दोघेही शालिवाहन शक मोजतात. बोळाच्या अलीकडे आणि पलीकडे रांगोळीची बोटे वेगळी, पण वरची तिथी एकच.

आता त्या कोरीतल्या चांदणीकडे येऊ. ती तिथे असू शकत नाही. कोरीच्या दोन टोकांमध्ये जी जागा मोकळी वाटते ती मोकळी नाही. तिथे चंद्राचाच उरलेला, अंधारातला गोळा आहे. त्याच्या अलीकडे तारा कसा येणार? स्वच्छ संध्याकाळी द्वितीया-तृतीयेच्या कोरीकडे टक लावून पाहिले तर तो काळा भाग अंधूक राखाडी दिसतोही. तो उजेड कुठला, याचे बरोबर उत्तर सोळाव्या शतकाच्या आरंभी एका चित्रकाराने दिले. लिओनार्दो दा विंचीने आपल्या टिपणांत लिहून ठेवले, की पृथ्वीवर पडलेला सूर्यप्रकाश परावर्तित होऊन चंद्रावर जातो आणि तो भाग उजळतो. आपल्याकडे पौर्णिमेच्या रात्री अंगणात चांदणे पडते, तसे अमावास्येच्या आसपास चंद्राच्या अंगणात पृथ्वीचे चांदणे पडते. उजेड एका वस्तूवरून दुसरीवर कसा उडतो हे चित्रकार रोजच पाहत असतो. लाल लुगड्याची झाक गोऱ्या हनुवटीवर पडते हे त्याला रंगवावे लागते. लिओनार्दोने तीच नजर चंद्राकडे वळवली.

शंभर वर्षांनी हेच पुन्हा घडले. १६०९ मध्ये इंग्लंडमधल्या थॉमस हॅरियटने दुर्बिणीतून चंद्र पाहिला आणि त्याची आकृती काढली. काही महिन्यांनी इटलीत गॅलिलिओनेही दुर्बिणीतून चंद्र पाहिला. दोघांच्या दुर्बिणी साध्याच होत्या. हॅरियटच्या पहिल्या आकृतीत उजेड आणि अंधार यांना विभागणारी एक वेडीवाकडी रेघ आणि काही डाग आहेत. गॅलिलिओने कुंचला घेऊन तपकिरी शाईच्या पातळ छटांत चंद्र रंगवला आणि त्याच्या लक्षात आले, की अंधाराच्या कडेला जे उजेडाचे ठिपके दिसतात ती डोंगरांची शिखरे आहेत. खाली दरीत अजून सूर्य पोचलेला नाही, शिखरावर मात्र पोचला आहे. आपल्याकडे पहाटे तवंदीच्या घाटात उभे राहून पाहिले तर हेच दिसते: आधी माथा उजळतो, मग उतार, मग शेते. गॅलिलिओ चित्रकलेत मुरलेला होता. उजेड-सावलीवरून उंच-सखलपणा ओळखण्याची सवय फ्लोरेन्सच्या चित्रकारांत तयार झाली होती आणि ती त्याच्या अंगात होती. त्याचा मित्र चिगोली हा चित्रकार. त्याने १६१२ मध्ये रोमच्या सांता मारिया माज्जोरे या चर्चमधल्या घुमटात मेरीच्या पायाखाली जो चंद्र रंगवला, तो गुळगुळीत नाही; त्यावर खड्डे आहेत. दुर्बिणीतून दिसलेला चंद्र तीन वर्षांच्या आत देवळाच्या घुमटावर पोचला होता.

हे सगळे दूरदेशीचे झाले असे वाटत असेल तर घाट उतरून कोकणात चला. २२ जानेवारी १८९८ रोजी भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. त्याची मधली पट्टी विजयदुर्गावरून आणि पुढे सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरवरून गेली. जेऊरला पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी नायगमवाला आपली उपकरणे घेऊन बसले होते. विजयदुर्गाच्या किल्ल्यात नॉर्मन लॉकियर हा इंग्लिश शास्त्रज्ञ आला होता आणि त्याच्या मदतीला आरमाराच्या 'मेल्पोमिनी' या जहाजावरचे लोक होते. किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' म्हणून जी जागा दाखवतात ती याच्याशी जोडलेली आहे. हेलियमचा शोध याच किल्ल्यावर लागला असे आपण कौतुकाने सांगतो. त्याची खूण १८६८ मध्येच सापडली होती, आणि त्या वर्षी लॉकियर इंग्लंडात होता. पण १८९८ मध्ये विजयदुर्गावर जे घडले ते कमी कौतुकाचे नाही. लॉकियरने जहाजावरच्या लोकांच्या तुकड्या पाडल्या आणि त्यांतल्या काहींना चित्रे काढायला बसवले. ग्रहण पूर्ण लागले की काळ्या चंद्रबिंबाभोवती सूर्याचे पांढरे प्रभामंडळ दिसते. ते या खलाशांनी कागदावर उतरवायचे होते. वेळ होता सुमारे दोन मिनिटांचा.

कॅमेरे असताना हाताने चित्रे का काढायची? प्रभामंडळ सूर्याजवळ फार तेजस्वी असते आणि बाहेर जाताना फार फिके होत जाते. त्या काळच्या काचेवर आतला भाग नीट आला तर बाहेरचा येत नसे आणि बाहेरचा यावा म्हणून जास्त वेळ उघडी ठेवली तर आतला भाग जळून पांढरा होई. डोळा मात्र दोन्ही एकदम पाहतो. म्हणून त्या दिवशी विजयदुर्गावर पेन्सिल हे एक शास्त्रीय उपकरण होते.

आतापर्यंत आपण चंद्र-सूर्य पाहिले. ताऱ्यांचे काय? तारे हे नुसते ठिपके. त्यांतून चित्र तयार करायचे काम माणसाला करावे लागते. थंडीच्या दिवसांत संध्याकाळी पूर्वेला मृग नक्षत्र उगवते. त्यात एका रेषेत तीन तारे आहेत आणि भोवती चार ठळक तारे. ग्रीकांनी यात कमरेला पट्टा बांधलेला शिकारी पाहिला. आपल्या लोकांनी चार पायांचे हरीण पाहिले, तीन ताऱ्यांत त्याच्या पोटात घुसलेला बाण पाहिला आणि मागून येणाऱ्या तेजस्वी ताऱ्याला व्याध म्हटले. तारे तेच, एका चित्रात ते शिकारी झाले, दुसऱ्यात शिकार. याच मृगशीर्षावरून वेदांचा काळ ठरवण्याचा प्रयत्न लोकमान्य टिळकांनी १८९३ च्या 'ओरायन' या ग्रंथात केला. संक्रांतीच्या रात्री खडीची चंद्रकळा नेसून आपल्या आज्या-पणज्या हळदीकुंकवाहून घरी परतायच्या तेव्हा हेच हरीण त्यांच्या डोक्यावर चढत असे. काळ्या वस्त्रावर छापलेल्या त्या चमकत्या ठिपक्यांना रात्रीचे चित्र म्हणायला कुणाची हरकत असू नये.

इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. शेतकऱ्यांचा मृग जूनच्या सात-आठ तारखेला निघतो. तेव्हा काढलेल्या पावसाच्या चित्रात कुणी आकाशात मृगाचे तारे दाखवले तर ते चूक ठरेल. मृग निघाला म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात आला. आणि सूर्य ज्या नक्षत्रात असतो ते दिवसा त्याच्याबरोबरच उगवते-मावळते, म्हणून दिसत नाही. पावसाची नक्षत्रे ही न दिसणारी नक्षत्रे आहेत. त्यांची चित्रे पंचांगात असतात, बेडूक, म्हैस, हत्ती अशा वाहनांच्या रूपात.

रात्रीच्या आकाशाला चौकट घालण्याचा एक वेगळाच प्रयत्न आपल्यापासून जवळ आहे. निपाणीहून कृष्णाकाठी खिद्रापूरला गेलात तर कोपेश्वराच्या देवळापुढे स्वर्गमंडप दिसेल. अठ्ठेचाळीस खांबांच्या या मंडपाच्या छताला मधोमध गोल मोकळी जागा आहे. आत उभे राहून मान वर केली की दगडाच्या काठात आकाशाचा एक तुकडा दिसतो. त्रिपुरी पौर्णिमेला चंद्र या वर्तुळात येतो असे सांगतात. ही नुसती भाविकांची समजूत नाही. हिशेब मांडून पाहता येतो. कार्तिकात पौर्णिमेचा चंद्र कृत्तिकेच्या आसपास असतो, म्हणजे खगोलाच्या विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण पंधरा ते बावीस अंशांवर, काही वर्षी थोडा अधिक-उणा. खिद्रापूरचा अक्षांश पावणेसतरा. जो गोल आपल्या अक्षांशाइतकाच उत्तरेला असतो तो डोक्यावरून जातो. म्हणून त्या रात्री बाराच्या सुमाराला चंद्र जवळजवळ माथ्यावर येतो. हे पाहायला खिद्रापूरलाच जायला हवे असे नाही. बेळगावात आपल्या गच्चीवर उभे राहा. मध्यरात्री आपलीच सावली पायाशी गोळा झालेली दिसेल. दिवाळीनंतरची ती रात्र कुणी रंगवणार असेल, तर झाडांच्या लांब सावल्या त्याने मध्यरात्रीच्या चित्रात काढू नयेत.

तुम्ही म्हणाल, चित्रकाराला इतके बांधून का घालता? तो काय पंचांगकर्ता आहे? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर व्हिन्सेंट व्हॅन गॉगकडे आहे. सप्टेंबर १८८८ मध्ये त्याने फ्रान्समधल्या आर्ल गावी ऱ्होन नदीच्या काठी रात्रीचे चित्र रंगवले. पाण्यात गावातल्या दिव्यांच्या लांबलांब सोनेरी रेघा आहेत आणि वर सप्तर्षी आहेत, ओळखता येतील असे. पण नदीचा तो देखावा नैऋत्येकडचा आहे आणि सप्तर्षी उत्तरेकडे असतात. म्हणजे त्याने पाठीमागचे आकाश उचलून समोर ठेवले. पुढच्या वर्षी, जून १८८९ मध्ये, सेंट रेमीच्या रुग्णालयात असताना त्याने ते भोवऱ्यांचे जगप्रसिद्ध आकाश रंगवले. त्यातला मोठा पांढरा तारा म्हणजे पहाटेचा शुक्र. तो त्याने खिडकीतून पाहिला होता आणि भावाला पत्रातून कळवलेही होते. चंद्र मात्र त्या दिवसांत कोरीचा नव्हता, अर्ध्याहून जास्त उजळलेला होता. कोर त्याने स्वतःच्या मनाने घातली.

मग हा आणि चांदणी पोटात घेतलेला वहीतला चंद्र यांत फरक काय? दोन्ही चूकच की! फरक असा, की व्हॅन गॉगने आकाश रात्री-रात्री पाहिले होते. सप्तर्षींचे सात तारे कुठल्या आकृतीत बसतात हे त्याच्या हाताला ठाऊक होते. तो जे हलवत होता ते त्याच्या मालकीचे होते. आपण मात्र दुसऱ्याने पाहिलेले, तिसऱ्याने छापलेले उचलतो. गवयाला बंदिशीपासून दूर जाण्याची मुभा असते, पण आधी ती बंदिश त्याच्या गळ्यात असावी लागते.

ही शिस्त आपल्या गावाला परकी नाही. बेळगावात के. बी. कुलकर्णी यांनी चित्रमंदिर चालवले आणि समोरच्या निसर्गाकडे, समोरच्या माणसाकडे पाहून चित्र काढायची सवय कित्येक मुलांना लावली. १९३५ मध्ये बेळगावात जन्मलेले रवी परांजपे त्याच मुशीतून बाहेर पडले. आकाश पाहण्याची शिस्तही इथे होती. मूळचे नरगुंदचे व्यंकटेश बापूजी केतकर यांनी ग्रहगणिताची आयुष्यभर सेवा केली. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी मराठी वाचकाला रात्रीच्या आकाशाची ओळख करून देणारे 'ज्योतिर्विलास' लिहिले आणि त्याला दुसरे नाव दिले 'रात्रीची दोन घटका मौज'. दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे. आपल्या संध्याकाळी तेवढी मिनिटे निघत नाहीत असे कोण म्हणेल?

अडचण वेळेची फारशी नाही. अंगणे गेली आणि त्यांच्याबरोबर अंगणातून वर पाहणेही गेले. रस्त्यावरच्या दिव्यांनी कृत्तिकेचा पुंजका पुसला, आकाशगंगा तर गावात उभे राहून दिसतच नाही. चैत्रांगणाचे छापे मिळतात. चाळणीतून रांगोळी पडते आणि अर्ध्या मिनिटात सूर्य-चंद्र उमटतात. छाप्याला मी नावे ठेवत नाही, गुडघे दुखणाऱ्या बायकांची त्याने सोय केली आहे. पण बोट फिरवताना 'कोर अशीच का?' हा प्रश्न नातीला पडायचा, तो छाप्यात पडत नाही. असा प्रश्न पडणे थांबले की चित्र उरते आणि त्यातले पाहणे निघून जाते. मग आजीच्या कपाळावरची कोरही एक दिवस नुसती टिकली होईल.

एक बरे आहे, की चंद्राला दिवे झाकू शकत नाहीत. द्वितीयेची कोर भर बाजारपेठेच्या वरही दिसते. तेव्हा येत्या पाडव्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासाने, घरातल्या मुलाला घेऊन गच्चीवर जा. पश्चिमेकडे तोंड करा. कोर दोन ते चार घटकांत मावळते, म्हणून उशीर करू नका. मुलाला एक हरभरा द्या आणि हात लांब करून कोरीवर धरायला सांगा. एवढा मोठा वाटणारा चंद्र त्या दाण्याआड संपूर्ण झाकला जातो हे त्याचे त्याला कळू द्या. मग कागद द्या. जशी दिसते तशी कोर काढायला सांगा, खाली घराची एक कड काढू द्या आणि कोपऱ्यात तिथी, वेळ आणि गावाचे नाव लिहून ठेवा. भाऊबीजेला त्याच जागी उभे राहून दुसरे चित्र काढा. दोन्ही कागद शेजारी ठेवलेत की कोर कलल्याचे मूल स्वतःच सांगेल.

आणि सुरुवातीला तुम्ही जे चित्र काढलेत तेही फेकू नका. त्याच्याच शेजारी ठेवा.